रिलॅक्स व्हायला काय करता, एवढ्याच प्रश्नावर गाडी का अडते

बडोद्यातल्याच एका मुलीने विचारलंय. बीकॉम झालीये, पुढे शिकायला बाहेर जायचंय, आयेल्ट्स म्हणजे बाहेर शिकायला लागते ती इंग्लिशची परीक्षा, तिच्या स्पीकिंगमध्ये साडेसहा पाहिजेत आणि मागच्या खेपेला साडेपाच आले. पहिल्याच पार्टमध्ये रिलॅक्सेशनचे प्रश्न आले, ती म्हणाली "आय लिसन म्युझिक अँड रीड बुक्स, इट मेक्स मी व्हेरी रिलॅक्स" आणि पुढे काही सुचलंच नाही. आता तीन आठवड्यांनी परत टेस्ट आहे. तिचं म्हणणं असं की काकू, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच, मी घरी आले की झोपाळ्यावर बसते नाहीतर मोबाइल बघते, हे काय सांगणार, त्यापेक्षा योगा-मेडिटेशन असं काही पाठ करून जाऊ का, आणि ती पन्नास इडियम्सची पीडीएफ सगळीकडे फिरतेय ती पण पाठ करू का.

बेटा, दोन्ही नको. आणि सांगण्यासारखं नाही म्हणतेस ना, ते तू तुझ्या प्रश्नातच सांगून बसलीयेस, झोपाळा. मी २१ वर्षं दांडिया बाजारात घरीच क्लास घेते, माझ्यासमोर बसून शेकडो मुलांनी "आय लिसन म्युझिक" म्हटलंय, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या घरात झोपाळा आहे नाहीतर गच्ची आहे नाहीतर पोळीतला, म्हणजे आपल्या जुन्या गल्लीतला, ओटा आहे, पण ते कोणाच्या तोंडून इंग्लिशमध्ये येत नाही कारण त्यांना वाटतं ते टेस्टमध्ये सांगायच्या लायकीचं नाही.

आधी टेस्टचं थोडक्यात सांगते म्हणजे कशाला किती महत्त्व ते कळेल. सगळं मिळून ११ ते १४ मिनिटांचं काम. पहिला पार्ट ४-५ मिनिटं, तुझ्याबद्दल साधे प्रश्न. दुसऱ्यात कार्ड मिळतं, १ मिनिट विचार करायला, कागद-पेन्सिल देतात, मग १ ते २ मिनिटं तू एकटीने बोलायचं. तिसरा परत ४-५ मिनिटं, त्याच विषयाशी जोडलेले पण मोठे प्रश्न, म्हणजे तुझ्याबद्दल नाही तर लोकांबद्दल, समाजाबद्दल. सगळं रेकॉर्ड होतं. आणि मार्क चार गोष्टींना आहेत, चारही सारख्या वजनाच्या: सलग आणि मुद्देसूद बोलणं, शब्द, ग्रामर, उच्चार. ह्या चारात "हॉबी किती भारी आहे" असा पाचवा रकाना नाही. तू विपश्यना करतेस का झोपाळ्यावर शेंगा सोलतेस याला एक्झामिनर मार्क देत नाही, कमीही करत नाही. खरं-खोटं तपासायला कोणी घरीही येणार नाही. मग खोटं का नको म्हणते मी? कारण खोटं सांगताना डोक्याला दोन कामं पडतात, एक गोष्ट बनवायची आणि दुसरं तिला इंग्लिश शोधायचं. खरं सांगताना पहिलं काम आधीच झालेलं असतं. ज्या मुलीने कधी प्राणायाम केला नाही ती "आय डू प्राणायाम डेली" म्हणते, पुढे एक्झामिनर विचारतो की सकाळी का संध्याकाळी आणि का, की तिचे डोळे छताकडे जातात.

हे मला आधीपासून कळत होतं असं नाही. सुरुवातीची चार-पाच वर्षं मी स्वतः मुलांना तयार उत्तरं लिहून द्यायचे, वहीत छान अक्षरात, रिलॅक्सेशनवर एक, फूडवर एक, होमटाउनवर एक. एक मुलगा होता, हुशार, कष्टाळू, तबला शिकायचा सूरसागरसमोरच्या म्युझिक कॉलेजमध्ये. त्याने माझं उत्तर शब्द न शब्द पाठ केलं. टेस्टमध्ये प्रश्न आला की एकटं रिलॅक्स व्हायला आवडतं की लोकांबरोबर, आणि माझ्या उत्तरात ते नव्हतं, तर त्याने पाठ केलेलंच म्हणून टाकलं. प्रश्न एक, उत्तर दुसरंच. पाठ केलेलं बोलणं लगेच ओळखू येतं, सूर सपाट होतो, वेग वाढतो, श्वास चुकीच्या जागी घेतला जातो, आणि एक्झामिनरला ते ओळखायचंच ट्रेनिंग असतं. त्याला जेवढे हवे होते तेवढे आले नाहीत. मला फार लागलं ते, कारण तबल्याबद्दल तो मुलगा माझ्याशी मराठीत अर्धा तास बोलू शकत होता आणि मी त्याला "आय लिसन टु सॉफ्ट म्युझिक" लिहून दिलं होतं. त्या दिवसापासून मी तयार उत्तर कोणाला देत नाही. उत्तर तुझ्यातूनच काढते, आणि ते कसं काढायचं तेच इथे सांगतेय.

तर तुझा झोपाळा. आज रात्री वही घेऊन बस आणि मराठीतच स्वतःला विचार. कुठे आहे तो, ओसरीत का हॉलमध्ये? कड्या पितळेच्या का लोखंडाच्या, आवाज येतो का? किती वाजता बसतेस? हातात काय असतं, चहा, मोबाइल, निवडायची भाजी? शेजारी कोण असतं? पायाने झोका देतेस का मांडी घालून बसतेस? आधी तिथे कोण बसायचं? कधी बसायला मिळत नाही? बसल्यावर किती वेळाने डोकं शांत होतं? बघ, दहा प्रश्न झाले आणि एकाचंही उत्तर तुला शोधावं लागलं नाही. हाच तुझा माल. आता त्याला साधं इंग्लिश लाव, एकदम साधं: "टु बी ऑनेस्ट, आय जस्ट सिट ऑन अवर स्विंग. वी हॅव अ बिग वुडन वन इन द फ्रंट रूम, इट हँग्ज फ्रॉम द सीलिंग ऑन ब्रास चेन्स, अँड माय ग्रँडमदर अँड आय शेअर इट इन द ईव्हनिंग. शी शेल्स पीज, आय ड्रिंक माय टी, अँड वी हार्डली टॉक." तीन वाक्यं आहेत, एकही अवघड शब्द नाही, आणि ऐकणाऱ्याला चित्र दिसतं. "वी हार्डली टॉक" हे किती सुंदर वाक्य आहे बघ, हे कुठल्या पीडीएफमध्ये मिळणार नाही.

आणि झोपाळा हा शब्द मराठीत म्हणायला घाबरू नकोस. म्हण आणि त्याच श्वासात समजावून सांग: "वी कॉल इट अ झोपाळा, इट्स अ काइंड ऑफ इनडोअर स्विंग, अबाउट द साइझ ऑफ अ स्मॉल बेड." शब्द माहीत नसताना तो वर्णन करून सांगता येणं ही भाषेतली ताकद आहे आणि एक्झामिनरही ती बघतो. लीलो चिवडा, शेवउसळ, पोळ, ओटा, सगळ्याला हेच लागू. नुसता शब्द टाकून पुढे गेलीस तर समोरच्याला काही कळत नाही, आणि तो शब्द टाळलास तर तुझं बोलणं कोणाचंही होऊन बसतं.

आता भाषेकडे येते, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण आपल्या मराठी मुलांच्या चुका ठरलेल्या आहेत आणि ह्या टॉपिकला त्या सगळ्या एकदम बाहेर येतात. कारण साधं आहे, आपण आरामाचा विचार मराठीत करतो (बडोद्यात तर अर्धा गुजरातीत) आणि तसाच उचलून इंग्लिशमध्ये ठेवतो.

सगळ्यात पहिली ती तुझीच, "इट मेक्स मी व्हेरी रिलॅक्स". तिथे "रिलॅक्स्ड" पाहिजे. माझी खूण अशी आहे, मला जे झालं ते "एड", आणि ज्याच्यामुळे झालं ते "इंग". झोपाळा रिलॅक्सिंग, मी रिलॅक्स्ड. पिक्चर बोरिंग, मी बोअर्ड. ऑफिस टायरिंग, मी टायर्ड. "आय अ‍ॅम व्हेरी बोरिंग" म्हणजे माझ्याबरोबर लोकांना कंटाळा येतो, असं कोणाला म्हणायचं नसतं पण दर बॅचमध्ये दोन-तीन जण म्हणतातच. दुसरं "लिसन म्युझिक". आपण गाणं ऐकतो, मध्ये काही लागत नाही, इंग्लिशला "टु" लागतं, "लिसन टु म्युझिक". हे रोज दहा वेळा मोठ्याने म्हण, जीभेला सवय झाली की डोक्याला विचार करावा लागत नाही.

मग कंटाळा. हा आपला शब्द फार मोठा आहे, त्यात बोअर होणं आहे, वैताग आहे, थकवा आहे, करायची इच्छा नसणंही आहे. मुलं सगळ्याला "बोअर्ड" लावतात. "आय गेट बोअर्ड फ्रॉम माय जॉब" म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं "आय गेट फेड अप विथ वर्क". स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणजे "आय कान्ट बी बॉदर्ड टु कुक", ह्यात बोअरचा संबंधच नाही. आणि गप्पा! गप्पा मारणं म्हणजे "गॉसिप" नाही गं. गॉसिप म्हणजे दुसऱ्याच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलणं. "आय रिलॅक्स बाय गॉसिपिंग विथ माय मदर" म्हणालीस तर समोरच्याला वाटेल मायलेकी बसून शेजारणीची उणीदुणी काढतात. "चॅट" म्हण, खूप दिवसांनी मैत्रीण भेटली असेल तर "कॅच अप विथ अ फ्रेंड" म्हण. "फ्रेश होणं" पण तसंच, "आय बिकम फ्रेश" असं कोणी म्हणत नाही, "आय फील रिफ्रेश्ड" म्हणतात, आणि "फ्रेशन अप" म्हणजे तोंड-हातपाय धुणं. "आय एन्जॉय्ड अ लॉट" अर्धवट राहतं, "आय एन्जॉय्ड इट" नाहीतर "आय एन्जॉय्ड मायसेल्फ". स्कूटरवरून चक्कर मारायला जातेस ती "राइड", गाडीतून जातेस ती "ड्राइव्ह", पायी "वॉक", आणि तिन्हीला "गो फॉर अ" लागतं. "गो फॉर रोमिंग" हे आपल्याकडेच चालतं.

एक शब्द मला फार आवडतो आणि तो शिकवायला मी एक अख्खा दिवस देते, तो म्हणजे निवांत. मराठीत निवांत, गुजरातीत निरांत, आपल्या बडोद्याच्या घरांत दोन्ही चालतात. त्याला इंग्लिशमध्ये एक शब्द नाही. मुलं "पीसफुली" म्हणतात, पण निवांत चहा पिणं म्हणजे शांततेत पिणं नाही, घाई नसणं आहे, घरात चार पोरं ओरडत असली तरी माणूस निवांत असू शकतो. मग मी सांगते की शब्द सोड, अर्थ उघडून सांग: "आय टेक माय टाइम ओव्हर इट", "देअर्स नो रश", "नोबडी नीड्स मी फॉर हाफ अ‍ॅन अवर". हे शेवटचं वाक्य माझ्या एका विद्यार्थिनीने केलं होतं, दोन लहान मुलांची आई होती ती, तिचा निवांतपणा म्हणजे अर्धा तास कोणाला तिची गरज नसणं. मला आजही त्याहून चांगलं भाषांतर सापडलेलं नाही. तसंच "मन रमतं" म्हणजे "आय लूज मायसेल्फ इन इट", आणि "डोक्यातून विषय जातो" म्हणजे "इट टेक्स माय माइंड ऑफ थिंग्ज". अशा आपल्या शब्दांची यादी तू स्वतः कर, आपण आराम कसा बोलतो त्याची, टेकणं, आडवं होणं, वामकुक्षी, विसावा, आणि प्रत्येकापुढे त्याचा अर्थ इंग्लिशमध्ये उलगडून लिही. आडवं होणं "लाय डाउन", दुपारची डुलकी "हॅव अ नॅप". ही वही त्या पीडीएफपेक्षा कितीतरी कामाची, कारण बोलताना तुझ्या डोक्यात आधी हाच मराठी शब्द येणार आहे.

आणि पीडीएफ. इडियम वाईट नाहीत, वरच्या बँडला, म्हणजे जास्त मार्कांना, जरा कमी वापरातले, बोलीतले शब्द नीट वापरता येणं अपेक्षितच असतं. पण पन्नास नको, तीन घे. माझ्या मते ह्या टॉपिकला "अनवाइंड", "पुट माय फीट अप" आणि "स्विच ऑफ" एवढे बास आहेत. "अनवाइंड"चा उच्चार "वाइंड", वाऱ्याचा "विंड" नाही, आणि भूतकाळ "अनवाउंड". "पुट माय फीट अप" म्हणजे खरंच पाय वर घेऊन बसणं, झोपाळ्याला एकदम चपखल. "लेट ऑफ स्टीम" मात्र सगळेच चुकीच्या जागी वापरतात, त्यात साठलेला राग किंवा जोश बाहेर काढणं आहे, क्रिकेट खेळून आलास तर ठीक, पुस्तक वाचून कोणी स्टीम लेट ऑफ करत नाही. एका उत्तरात एक इडियम खूप झाला. दोन वाक्यांत तीन कोंबले की ते शिकून आणलेले दिसतात.

उच्चारांचं थोडक्यात. परदेशी अ‍ॅक्सेंट लावू नकोस, मराठी वळण राहिलं तर काही बिघडत नाही, स्पष्ट कळलं पाहिजे आणि जोर योग्य जागी पडला पाहिजे. "रिलॅक्स"मध्ये जोर "लॅक्स"वर. "रिलॅक्सेशन"मध्ये तो सरकून "से"वर जातो. "कम्फर्टेबल"ला आपण चार तुकडे करून टेबलवर जोर देतो, ते "कम्फ्टबल" असं आखडून, जोर पहिल्या "कम्"वर. "स्ट्रेस"च्या आधी "इ" लावू नको. एवढं सांभाळ.

पहिल्या पार्टमधल्या उत्तराची लांबी किती, हे सगळे विचारतात. तीन-चार वाक्यं. सरळ उत्तर, मग एक कारण किंवा एक खरा तपशील, जमलं तर एक "पण". हे "पण" फार उपयोगी पडतं. बडोद्याची मुलगी आहेस, नवरात्रीत नऊ रात्री गरब्याला जातच असशील. विचारलं की नाचून तुला रिलॅक्स वाटतं का, तर म्हण: "इट्स एक्झॉस्टिंग, माय फीट हर्ट फॉर डेज, बट स्ट्रेंजली इनफ आय कम होम फीलिंग लाइटर दॅन व्हेन आय लेफ्ट." थकवणारं आहे तरी हलकं वाटतं, अशी दोन टोकं एका वाक्यात आली की ग्रामर आपोआप वरच्या पायरीवर जातं, वेगळं कॉम्प्लेक्स सेंटेन्स बनवायला बसावं लागत नाही. आणि तू बोलत असताना एक्झामिनरने मध्येच थांबवून पुढचा प्रश्न विचारला तर घाबरू नकोस, त्याला वेळ पाळायची असते, तू चुकलीस म्हणून नाही थांबवलं.

आता कार्ड. असं समज की कार्डावर आलं, तू जिथे रिलॅक्स व्हायला जातेस अशा जागेचं वर्णन कर, कुठे आहे, कशी आहे, तिथे काय करतेस, आणि का बरं वाटतं. इथे बडोद्याची दहापैकी सात मुलं कमाटी बाग सांगतात, आणि चांगलीच जागा आहे, पण मग सुरू होतात "इट वॉज बिल्ट बाय महाराजा सयाजीराव गायकवाड इन एटीन सेव्हंटी नाइन, इट हॅज अ म्युझियम, इट हॅज अ झू, इट हॅज अ टॉय ट्रेन". ४० सेकंदांत माहिती संपते आणि मुलगा थांबतो. १८७९ साल बरोबर आहे, आपल्याला त्याचा अभिमान पण आहे, पण कार्डाने विचारलंय की तू तिथे काय करतोस. एक वाक्य इतिहास पुरे, मग स्वतःवर ये. मी त्या मुलांना विचारते की कुठल्या गेटने आत जाता, कोणाबरोबर, कुठल्या बाकावर बसता, शेवटचं कधी गेला होता. एका मुलाने सांगितलं की तो पुलावर उभा राहून विश्वामित्रीत मगर दिसते का बघतो, लहानपणी आजोबांबरोबर बघायचा, आता एकटा बघतो, बहुतेक वेळा दिसत नाही आणि तरी वीस मिनिटं जातात. मी म्हटलं हेच, हेच बोल. शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीत खऱ्या मगरी आहेत हे जगात किती जणांना सांगता येतं? "यूज्ड टु गो विथ माय ग्रँडफादर" भूतकाळ आला, "नाउ आय गो अलोन" वर्तमान आला, "इफ आय एव्हर मूव्ह अवे, आय थिंक आय'ल मिस दॅट ब्रिज" भविष्य आलं. तीन काळ, आणि ग्रामरचं पुस्तक उघडावंच लागलं नाही.

ती १ मिनिटाची तयारी लोक वाया घालवतात, पूर्ण वाक्यं लिहायला जातात, दीड वाक्य होतं आणि वेळ संपते. वाक्य लिहू नकोस. पाच-सहा नुसते शब्द, डोळ्याला दिसतील असे. तुझ्या झोपाळ्याला असं: आजोबा, कड्यांचा आवाज, चारचा चहा, पाऊस, परीक्षा, आत्ता. मराठीत लिहिलेस तरी चालतील, ते कागद तपासायला नसतात. प्रत्येक शब्दावर साधारण २० सेकंद बोललीस की दोन मिनिटं भरली. आजोबांनी कधी घेतला, कड्या कुरकुरतात आणि वडील तेल घालायचं म्हणतात पण आजी घालू देत नाही, पावसात दार उघडं ठेवून बसतेस, बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री तिथेच झोप लागली होती. (हे मी माझ्या मनाने भरतेय, तू तुझं भर.) आणि कार्डावरचं "का बरं वाटतं" हे शेवटासाठी राखून ठेव, तिथे अर्धा मिनिट तरी रेंगाळ, कारण "का"मध्येच सगळ्यात जास्त भाषा लागते. दोन मिनिटं झाली की तो थांबवेल, वाक्य अर्धं राहिलं तरी काही नाही. मग एखाद-दुसरा छोटा प्रश्न विचारतील, त्याला छोटंच उत्तर.

तिसऱ्या पार्टला गिअर बदलायचा. इथे "आय" कमी आणि "पीपल" जास्त. प्रश्न असे येतात: आजकाल लोकांना रिलॅक्स होणं अवघड का जातं, म्हातारी आणि तरुण माणसं वेगवेगळ्या पद्धतीने आराम करतात का, कंपन्यांनी कर्मचाऱ्यांच्या आरामाचा विचार करावा का. मुलांना इथे भीती वाटते की आपल्याला समाजशास्त्र कुठे येतं. समाजशास्त्र नको, तुझी पोळ आठव. पूर्वी संध्याकाळी सगळे ओट्यावर बसायचे, दिवसाचं काम दाराबाहेर संपलेलं असायचं. आता काम फोनमधून घरात येतं, जेवताना येतं, झोपाळ्यावर पण येतं. तेच म्हण: "इन द पास्ट वर्क स्टेड अ‍ॅट वर्क, व्हेअरॅज नाउ इट फॉलोज अस होम इन अवर पॉकेट्स." मग एक परिणाम सांग, मग दुसरी बाजू, की फोनमुळे लांबच्या माणसांशी बोलून बरंही वाटतं. सगळ्यांबद्दल ठाम बोलू नको, "ऑल ओल्ड पीपल" ऐवजी "ओल्डर पीपल टेंड टु", "प्रॉबॅबली", "इट डिपेंड्स ऑन" असं. मत काय आहे ह्याला मार्क नाहीत, ते मत कसं मांडलंस आणि त्याला आधार काय दिलास त्याला आहेत.

प्रश्न कळला नाही तर विचार. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?" हे अगदी रास्त आहे, न कळता भलतंच उत्तर देण्यापेक्षा लाखपट बरं. बोलताना चूक झाली आणि लक्षात आली तर सुधार आणि पुढे चल, प्रत्येक वाक्य मागे वळून घासत बसू नकोस, त्याने बोलणं तुटतं.

आणि मोबाइल. तू लाजतेस ते सांगायला, पण ते पण खरं आहे तर सांग की. फक्त "आय यूज मोबाइल" एवढ्यावर थांबू नको. "आय टेल मायसेल्फ आय'ल स्क्रोल फॉर फाइव्ह मिनिट्स, अँड देन अ‍ॅन अवर हॅज गॉन, अँड आय डोन्ट फील रेस्टेड अ‍ॅट ऑल" हे इतकं प्रामाणिक आणि इतकं पुढे नेता येण्यासारखं उत्तर आहे की मला त्याचा हेवा वाटेल. झोपाळा आणि मोबाइलची तुलना कर, एकावर बसून उठलं की काय वाटतं आणि दुसरा ठेवला की काय वाटतं, अख्खा टॉपिक तिथेच तयार झाला.

टेस्टच्या दिवशी स्वतः रिलॅक्स कसं राहायचं ते पण विचारशीलच, म्हणून सांगून ठेवते. निघायच्या आधी अर्धा तास घरात कोणाशी तरी इंग्लिशमध्ये बोल, भाऊ असेल, मैत्रीण फोनवर असेल, काहीही विषय, तोंड इंग्लिशमध्ये गरम झालेलं पाहिजे, नाहीतर पहिली दोन मिनिटं जीभ उघडण्यातच जातात आणि टेस्ट सगळी मिळून चौदा मिनिटांची. बाहेर थांबलेल्या मुलांबरोबर आज कुठला टॉपिक आला याची चर्चा करू नकोस, त्याने फक्त धडधड वाढते. आत जाताना श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष दे, हळू आणि लांब सोड, खांदे खाली येतात आणि आवाज पण खाली येतो. हसून गुड मॉर्निंग म्हण. समोरचा माणूस गंभीर असला, मान हलवत नसला, तर ते तुझ्यामुळे नाही, त्यांना सगळ्यांशी सारखंच वागायचं असतं, पहिल्या दोन पार्टचे प्रश्न पण त्यांना लिहून दिलेले असतात तसेच विचारायचे असतात.

आता तीन आठवड्यांत काय करायचं. रोज रात्री झोपाळ्यावरच बस, मोबाइलवर रेकॉर्डर लाव आणि दोन मिनिटं बोल. पहिले चार दिवस फक्त झोपाळ्यावर, मग कमाटी बाग, उत्तरायणची गच्ची, एखादी मैत्रीण, पावागढची सहल, जे तुझं खरं असेल ते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐक. ऐकताना सगळ्या चुका शोधू नकोस, पहिल्या आठवड्यात फक्त "लिसन टु" आणि "रिलॅक्स्ड" बरोबर आलं का ते बघ. दुसऱ्या आठवड्यात "व्हेरी" आणि "नाइस" किती वेळा आले ते बोटांवर मोज आणि प्रत्येकाच्या जागी काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं ते सांगून बघ. तिसऱ्या आठवड्यात आजीला शेजारी बसवून बोल, तिला इंग्लिश येत नसलं तरी चालेल, तिच्याकडे बघून बोल, भिंतीकडे बघून नको. आणि त्यातलं एखादं रेकॉर्डिंग मला पाठव, आजीचा आवाज मध्ये आला तरी तसंच पाठव.